बारापर्यंत मोजलेली हवा

आईने माझ्याकडे आयुष्यात पहिल्यांदा काही मागितलं ते वयाच्या बहात्तराव्या वर्षी, आणि मागितलं काय, तर टायर.

"दोन टायर आण," ती फोनवर म्हणाली. "ट्रेलरचे. या रविवारी नदीपलीकडच्या बाजारात जायचंय मला. आणि बघून आण. बघून म्हणजे नीट बघून."

मी माझ्या औषधांच्या दुकानात काउंटरमागे उभी होते. समोर चार गिऱ्हाइकं चिठ्ठ्या घेऊन ताटकळत होती. एरवी मी 'नंतर बोलते' म्हणून फोन ठेवला असता. स्वभाव तसाच आहे माझा, तुटक. पण त्या दिवशी ठेववला नाही, कारण एकवीस वर्षांत आईने 'ट्रेलर' हा शब्द तोंडातून काढला नव्हता.

"एकदम कशी आठवण झाली?" मी विचारलं.

"बाजाराचं मैदान जाणार म्हणे. पुढच्या महिन्यापासून तिथे बांधकाम सुरू होतंय. हा शेवटचा रविवार. नळाजवळची माझी जागा एकदा बघायची आहे. रिकाम्या हाताने नाही. माल घेऊन."

आता हे कळायला आमचं घर थोडं माहीत हवं. आई मातीची भांडी करते. बरण्या, वाडगे, कप, झाडांच्या कुंड्या, सगळं स्वतःच्या चाकावर आणि मागच्या अंगणातल्या भट्टीत. बाबा आठवडाभर पाणीखात्यात मीटर वाचायचे आणि रविवारी आईचे हमाल व्हायचे. हमाल हा शब्द त्यांचाच. जुनी जीप आणि तिच्यामागे ओढायचा दोन चाकांचा ट्रेलर, एवढा त्यांचा संसारातला वाटा, असंही तेच म्हणायचे. ट्रेलर त्यांनी स्वतः उभं राहून बनवून घेतला होता आणि त्याला ते घरातल्या माणसासारखं वागवायचे. माझ्या वाढदिवसाची तारीख ते दोनदा विसरले, पण ट्रेलरच्या बेअरिंगला ग्रीस घालायची तारीख कधी विसरले नाहीत. हे मी त्यांना ऐकवायचे आणि ते म्हणायचे, "तू कुरकुरतेस तरी. ते बिचारं कुरकुरायच्या आधी घालावं लागतं."

रविवारी सकाळचा एक ठरलेला कार्यक्रम असायचा. भांडी गवतात गुंडाळून पेट्यांत भरलेली, पेट्या ट्रेलरवर बांधलेल्या. मग आई पदर खोचून ट्रेलरजवळ यायची, एकेका टायरवर अंगठा दाबायची आणि म्हणायची, "दगड झालाय नुसता. काढा हवा."

"अहो बाई, ट्रेलरला पूर्ण हवा लागते."

"आणि माझ्या बरण्यांना? खड्ड्यात टायर उडतो, बरणी आत उडते, आणि बाजारात पेटी उघडली की कानाचे तुकडे. काढा."

बाबा उकिडवे बसायचे, व्हॉल्व्हची टोपी काढायचे आणि काडीने आतली पिन दाबायचे. फुस्स आवाज सुरू झाला की आई मोठ्याने मोजायची. एक, दोन, तीन. सातावर "बस" म्हणायची. मग दुसरा टायर, पुन्हा सात. मी कॉलेजात जायला लागले तोपर्यंत ही मोजणी बारापर्यंत गेली होती. मला वाटायचं वय झालं, आता ती भरभर मोजते.

कडक टायर भांडी फोडतो हे आईचं खरं होतं. कमी हवेचा टायर तापतो हे बाबांचं खरं होतं. दोघांचंही खरं असलं की घरात काय होतं ते कोणाला वेगळं सांगायला नको. घरोघरी मातीच्याच चुली, आमच्याकडे तर शब्दशः.

हवेचं झालं की आई पहिल्या बसने पुढे निघायची, कारण नळाजवळची जागा धरायची असे. मी आणि बाबा मागून जीप आणि ट्रेलर घेऊन. वाटेत, गावाच्या टोकाला, टायरवाल्या काकांचं दुकान होतं. बाबा तिथे थांबायचेच. काका आणि बाबा शाळेतले सोबती, त्यामुळे गप्पा. मी जुन्या टायरांच्या ढिगावर चढून बसायचे. तो रबराचा वास, कॉम्प्रेसरची धडधड, काकांच्या काळ्याकुट्ट हातातून मिळणारी पांढरी पेपरमिंटची गोळी. मला अजून रबराचा वास आला की तोंडात पेपरमिंट येते. निघताना बाबा ओठावर बोट ठेवायचे, "आईला सांगू नकोस हं." माझे दात किडलेले होते, गोळीवर आईची बंदी होती. मी कधी सांगितलं नाही. चुगलखोर मी नव्हते.

मग एकवीस वर्षांपूर्वीचा तो रविवार. मी तेव्हा नोकरीला बाहेरगावी होते, म्हणून जे सांगते ते ऐकीव. नदीच्या पुलाआधीच्या उतारावर डावा टायर फुटला. ट्रेलर आडवा झाला, बाबांनी जीप कशीबशी सावरली. माणसाला खरचटलंही नाही. भांडी मात्र चोवीसच्या चोवीस पेट्या गेली. आई बाजारात नळापाशी चादर अंथरून वाट बघत होती, दुपारी कोणीतरी निरोप आणला. ती पुलापर्यंत चालत आली तेव्हा बाबा कोणाच्या तरी गाडीचा टायर फुटू नये म्हणून रस्त्यावरच्या खापऱ्या हाताने वेचत होते. आई त्यांच्या शेजारी बसली आणि वेचायला लागली. दोघं एक शब्द बोलले नाहीत.

त्यानंतर ट्रेलर मागच्या शेडमध्ये विटांवर चढला. आईची भांडी एक व्यापारी घरी येऊन नेऊ लागला, पडेल भावात. मी सुट्टीला यायचे तेव्हा घर ओळखू यायचं नाही. भांडण नव्हतं, तेच चुकल्यासारखं वाटायचं. "काढा हवा" म्हणणारी माझी आई आता "तुम्ही ठरवा" म्हणायची. पडदा कुठला, तुम्ही ठरवा. डॉक्टर कुठला, तुम्ही ठरवा. बाबा बिचारे ठरवत बसायचे. दर रविवारी ते शेडमध्ये जाऊन फडक्याने ट्रेलर पुसायचे आणि परत यायचे. तीन वर्षांपूर्वी ते गेले. ट्रेलर तेव्हाही चकचकीत होता.

तर अशा ट्रेलरचे टायर आणायचे होते. मला पक्कं ठाऊक होतं की हे जमलं तर आई जाईल, आणि जरा कुठे काही खटकलं तर ती परत "तुम्ही ठरवा"मध्ये जाऊन बसेल, या वेळी कायमची. रविवारला चार दिवस उरले होते.

गुरुवारी दुपारी मी आईकडे गेले, जॅक लावला, दोन्ही चाकं खोलली आणि गाडीच्या डिकीत टाकली. आई भट्टीजवळ उभी राहून बघत होती. जवळ आली नाही.

काकांचं दुकान तिथेच होतं. काका मात्र निम्मे झाले होते, सगळे केस पांढरे, हात तेवढे तसेच काळे.

"ये," ते म्हणाले. "मीटरवाल्याची पोरगी. काय आणलंस?"

मी माझं शहाणपण पाजळलं. नवरा म्हणाला होता की गाडीचेच चार टायर बदलायला आलेत, त्यातले दोन बरे ट्रेलरला टाक, एका दिवसाचा तर प्रश्न आहे. मला ते पटलं होतं. शिवाय ट्रेलरचा उजवा टायर फुटलेला नव्हता. नक्षी अशी खोल, जणू कालच घेतलाय. म्हणजे खरं तर एकच टायर लागणार होता.

काकांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग उजवं चाक माझ्यासमोर आडवं टाकलं आणि बाजूवर कोरलेले चार आकडे बोटाने दाखवले.

"हे वाच. पहिले दोन, वर्षातला कितवा आठवडा. पुढचे दोन, साल. आता हिशेब कर."

मी केला. टायर तेवीस वर्षांचा होता.

"औषधाच्या बाटलीवरची तारीख बघितल्याशिवाय गिऱ्हाइकाला देतेस का? रंग छान आहे म्हणून देतेस?"

माझ्या धंद्यावरून मला कोणी बोललेलं खपत नाही, पण इथे काकांचंच खरं होतं.

"ट्रेलरचा टायर झिजून मरत नाही, बसून मरतो. हे बघ." त्यांनी टायर दोन्ही हातांनी वाकवला तशा नक्षीच्या मुळाशी बारीक बारीक भेगा उघडल्या. "आणि तुझ्या नवऱ्याला सांग, गाडीचा टायर ट्रेलरला नको. गाडीच्या टायरची बाजू मऊ असते, आत बसलेल्या माणसाला गचके बसू नयेत म्हणून. ट्रेलरमध्ये माणूस नसतो, ओझं असतं. मऊ बाजूचा टायर लावलास की वळणावर ट्रेलर मागे शेपूट हलवायला लागतो. एकदा हलायला लागला की ब्रेक लावूनही उपयोग नाही. आता सांग, वजन किती?"

"भांड्यांचं? कोण जाणे."

"मग टायर कोणत्या हिशेबाने देऊ? रंग बघून?"

मी आईला फोन लावला. ती क्षणभरही न थांबता म्हणाली, "पेटी अठरा किलोची. चोवीस पेट्या. टेबल आणि चादरी धरून वीस वेगळे." एकवीस वर्षांत तिचा आकडा हलला नव्हता.

काकांनी खडूने जमिनीवर मांडलं. पेट्या चारशे बत्तीस, वरचे वीस, ट्रेलर स्वतः अडीचशेचा. सातशे दोन. एका चाकावर साडेतीनशे. "म्हणून साडेतीनशेचा टायर घ्यायचा नाही. भार कधी दोन्ही चाकांवर सारखा पडत नसतो. पाचशेचा घे. हे असे," ते आतून दोन टायर घेऊन आले, "ट्रेलरचेच, कडक बाजूचे, या वर्षीचे. जोडीने. एक नवा एक जुना लावलास तर आगीतून फुफाट्यात."

त्यांनी सांगितलेली किंमत ऐकून माझ्या तोंडून निघून गेलं, "नाकापेक्षा मोती जड झाला की हो काका. ट्रेलर विकला तरी एवढे येणार नाहीत."

"मग ट्रेलर वीक," ते म्हणाले आणि जुनं डावं चाक सोडवायला बसले.

फुटलेला टायर रिंगवरून निघाला. काकांनी त्याची आतली बाजू उजेडात धरली, आणि त्यांचा थट्टेचा सूर एकदम गेला. आत, बाजूच्या भिंतीवर, गोल फिरलेला काळा पट्टा होता आणि रबराची भुकटी. त्यांनी बोट फिरवलं, बोटाला काजळीसारखी भुकटी लागली.

"कमी हवेत चाललाय," ते म्हणाले. "बाजू घासून घासून जळाली आतून. टायर बरोबर होता तुझ्या बापाचा. वजन टायर उचलत नाही पोरी, हवा उचलते."

"आई हवा काढायला लावायची," मी म्हणाले. "दर रविवारी."

"ठाऊक आहे की. आणि दर रविवारी तुझा बाप इथे येऊन ती परत भरून घ्यायचा. पूर्ण, पन्नास पौंडांपर्यंत. गेज लावून. तू त्या ढिगावर बसलेली असायचीस, गोळी चघळत."

मी ढिगाकडे बघितलं. कॉम्प्रेसरची ती धडधड. आईला सांगू नकोस हं. मी इतकी वर्षं समजत होते की ते गोळीबद्दल होतं.

"मग त्या दिवशी?" मी विचारलं.

काकांनी फडक्याने हात पुसले. पुसून ते काळेपण जाणार नव्हतं, तरी बराच वेळ पुसले. "त्या दिवशी माझं शटर बंद होतं. अक्कलदाढ काढायला गेलो होतो. त्याने अर्धा तास वाट बघितली म्हणे. हवा भरायचा पंप घरी होता, पण घरी फिरून जाऊन पंप मारायचा म्हणजे बाजाराला उशीर, आणि उशीर का झाला ते सांगायचं म्हणजे इतक्या वर्षांची चोरी कबूल. मग म्हणाला, एक दिवस काय होतंय, हळू जाऊ." त्यांनी खाली बघितलं. "नंतर मी त्याला किती वेळा म्हटलं, बायकोला सांगून टाक. तो म्हणायचा, काय सांगू? दर रविवारी तुला फसवत होतो म्हणून? की एक रविवार फसवता आलं नाही म्हणून घात झाला?"

मी टायर बसवून घेतले आणि निघाले. गाडी चालवताना मला बाबांचा राग आला आणि रडूही आलं, दोन्ही एकदम, आणि मला दोन्ही आवडत नाहीत. आईला सांगायचं की नाही ते ठरेना. सांगितलं तर तिला कळणार की तिने काढलेल्या हवेनेच टायर जळाला. नाही सांगितलं तर बाबांसारखीच आणखी एक चोरी, आता माझ्या नावावर.

शनिवारी सकाळी मी चाकं बसवली, विटा काढल्या, ट्रेलर अंगणात ओढला, पेट्या चढवून बांधल्या. आई पदर खोचून आली. एकेका टायरवर अंगठा दाबला. तिचा अंगठा मातीत मुरलेला आहे, दाबल्यावर त्याला सगळं कळतं.

"पूर्ण भरलीय," ती म्हणाली.

"पन्नास."

ती उकिडवी बसली, व्हॉल्व्हच्या टोपीला हात लावला आणि तशीच राहिली. मला ते बघवेना. माझ्या तोंडून सगळं भडाभडा बाहेर आलं. काकांचं दुकान, ढीग, गोळी, दर रविवारची पन्नासपर्यंत भरलेली हवा. शटरपाशी येऊन मी अडखळले.

"भरून घ्यायचे ते मला माहीत होतं," आई म्हणाली.

"काय?"

"संध्याकाळी ट्रेलर घरी आला की मी अंगठा लावून बघायचे ना. सकाळी मऊ केलेला टायर संध्याकाळी कडक कसा? मला वाटलं, थोडीशी भरून घेत असतील वाटेत. म्हणून मी मोजणी वाढवली. ते भरणारच आहेत तर आपण आधीच जास्त काढावी. सातावरून आठ, नऊ. शेवटी बारा."

ती काढत होती, ते भरत होते, ती आणखी काढत होती, आणि दोघंही एकमेकांना एक अक्षर बोलत नव्हते. आणि वर माझ्या लग्नात या बाईने मला 'नवऱ्याशी मोकळेपणाने बोलत जा' असा उपदेश केला होता!

"ज्या दिवशी फुटला ना," आई टोपीवरून बोट फिरवत म्हणाली, "मी पुलापाशी त्यांच्या शेजारी बसले आणि त्या टायरवर हात ठेवला. दुसरा, न फुटलेला होता त्याच्यावर. मऊ होता. माझा बारापर्यंत मोजलेला, तसाच. मला कळलं, त्या दिवशी त्यांनी हवा भरली नाही. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा माझं ऐकलं. आणि ऐकलं म्हणून सगळं गेलं. ते स्वतः जाता जाता वाचले. मग मी ठरवलं, आता या माणसाला काही सांगायचं नाही. पुन्हा कधी काही सांगायचं नाही."

म्हणजे ते सगळे पडदे, ते सगळे डॉक्टर, तुम्ही ठरवा, तुम्ही ठरवा. अठरा वर्षं.

"आई," मी म्हणाले, "त्या दिवशी काकांचं शटर बंद होतं. अक्कलदाढ काढायला गेले होते. बाबा हवा भरायलाच थांबले होते. अर्धा तास थांबले होते."

आईने मान वर केली. तिच्या चेहऱ्यावर काय चाललंय ते मला कळेना.

"म्हणजे," ती सावकाश म्हणाली, "त्या दिवशीसुद्धा ऐकलं नव्हतंच?"

"नव्हतंच."

"मेल्या माणसा!" आई म्हणाली, शेडच्या त्या रिकाम्या जागेकडे बघून, जिथे ट्रेलर उभा असायचा. आणि हसायला लागली. हसता हसता जमिनीवरच बसली. डोळ्यांतून घळाघळा पाणी आणि तोंडाने हसणं. मी पण तिच्या शेजारी बसले. ती मला हाताने ढकलत म्हणत होती, "ऐकलं नव्हतंच! एक दिवससुद्धा नाही!" तिला असा आनंद झालेला मी बाबा गेल्यानंतर पाहिला नव्हता. खरं तर त्याच्याही आधीपासून नव्हता पाहिला.

रविवारी माझ्या गाडीमागे ट्रेलर जोडून आम्ही निघालो. पेट्यांत तिने गवत दुप्पट घातलं होतं. बरण्यांना मऊपणा लागतो तर तो पेटीत घालावा, टायरमध्ये कशाला, असं ती मलाच समजावून सांगत होती, जणू इतकी वर्षं मीच उलटं करत होते. गावाच्या टोकाला तिने मला गाडी थांबवायला लावली आणि खाली उतरली.

शटर उघडं होतं. काका बाहेर आले, आईला बघून जागीच थांबले. एकवीस वर्षांत ती या दुकानाच्या पायरीवर आली नव्हती.

"हवा बघा हो जरा," आई म्हणाली.

काकांनी गेज लावलं. "सत्तेचाळीस आहे."

"सकाळी थोडीशी काढली मी," आई म्हणाली. "तीनपर्यंतच मोजलं. सवय. तुम्ही भरा."